आधी हात दाखवते

आमचा आजा फौजी, महूच्या छावणीत होता, मग जवळच्याच खेड्यात आमचं घर झालं, म्हणून मराठी असून आमच्या तोंडात हिंदी घुसते, आता या वयात काय सुधरायची. मला शहरात, परदेशीपुऱ्याच्या मिलवाल्या वस्तीत दिली. नवरा मिलमध्ये. भोंगा वाजला की डबा घेऊन निघायचा, मग मिल बंद पडली, फाटकाला ताला, आणि हा घरात बसून मला मारायला लागला, बेलन, चप्पल, हाताला लागेल ते, काय सांगू तुम्हाला. मग ट्रकवर गेला, आणि बीमारी घेऊन आला. मेला. माझं रक्त तपासलं तर मलाही निघाली.

ते कळल्याच्या तिसऱ्या दिवशी धाकट्या दिरानं झिंज्या धरून मला गल्लीत फरफटत आणलं. सासूनं माझी लुगडी घासलेट टाकून जाळली. माझी संगी चार वर्षांची, दारात उभी राहून रडत होती. दीर म्हणे पोरगी इथंच राहील, तुझा हात लागला तर मरेल. हे पण लिहा, नक्की लिहा.

माहेरी आले. दवाखान्याच्या लाइनीत माझ्यासारख्याच तिघी भेटल्या, खेड्यापाड्यातल्या, आणि एक गोरी बाई, मार्ता. तिचा भाऊ तिकडे याच बीमारीनं गेला होता. तिनं शेड भाड्यानं घेतलं, आम्ही जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवायला लागलो. गावात आमची गोधडी कोणी अंगावर घेईना, ती तिच्या मुलखात पाठवायची. तिनं बोटात घालायला लोखंडी टोप्या आणल्या, सुई टोचू नये म्हणून, पण आम्हाला उघड्या बोटाचीच आदत, टोपी पदराला बांधून ठेवायचो. मार्ताबाई चिडायची, टोपी पहनो, कमल, टोपी पहनो.

एक दिवस दीर स्कूटरवर शेडपाशी आला, पुढे संगीला उभी करून. सात वर्षांची झाली होती हो! म्हणे वहिनी, दादाच्या खोलीच्या कागदावर अंगठा दे आणि पोरगी ठेवून घे. मी विचारलंसुद्धा नाही, दिला अंगठा. खोली गेली चुलीत, मला पोरगी पाहिजे होती. त्यानं कागद खिशात घातला, हसला आणि संगीला न उतरवताच किक मारली. मी स्कूटरचं हँडल धरलं. त्यानं कमरेचा पट्टा काढून मला हाणलं, तोंडावर, पाठीवर, कान फाटला माझा. तिघी धावल्या तर त्यांनाही हाणलं.

माझ्या हातात सुई होती, टोपी पदराला. तीच सुई मी अंगठ्यात खुपसली, शाई होती त्याच अंगठ्यात, पिळून रक्त काढलं आणि त्याच्या तोंडासमोर धरलं. ये भाऊजी, मार आता, लाव हात, होऊ दे तुलाही! मला माहीत होतं असं काही होत नाही, मार्ताबाईनं दहादा समजावलं होतं. त्याला कुठं माहीत. स्कूटर सोडून मागं सरला साला, पँट ओली. मी संगीला म्हटलं ये बाळा, आईकडे ये, आणि हात पुढं केला, तोच हात. ती किंचाळली, स्कूटरवरून उतरली आणि त्याच्याच पायामागं जाऊन लपली.

ते गेले. मार्ताबाई रडत म्हणाली, कमल, ये क्या किया, अब बच्ची डरेगी. मी खवळले, म्हटलं तेरे देश में देवर पट्टे से मारता है क्या? ती माझा अंगठा नळाखाली धरून धूत राहिली, उघड्या हातानं, साबण लावून. तेव्हा कुठं मी रडले.

आज शेडमध्ये वीस बाया आहेत. गोळ्या घेते, जगते. टोपी घातल्याशिवाय मी कोणाला सुई धरू देत नाही, शिव्या घालते. मार्ताबाई म्हातारी झाली, फोनवर अजून विचारते, टोपी पहनी?

संगीचं लग्न काकानंच लावलं, मला बोलावलं नाही. आता तिला पोरगा झाला, तेव्हापासून येते अधूनमधून. दारात उभी राहते, आधी माझ्या बोटांकडे बघते. मी दोन्ही हात उलटेपालटे करून दाखवते तिला. मग ती बाळ माझ्या मांडीवर देते.