आर्लीनचं गुणी कासव

विस्कॉन्सिनमधल्या त्या राखीव तळ्याकाठी, कासवं बघायच्या आडोशात मार्लिस आपली पाळी यायची वाट बघत उभी होती. समोरच्या ओंडक्यावरचं कासव तिनेच लाकडाचं करून, रंगवून बसवलं होतं. एक ऊन खाताना दिसलं की खरी वर येतात म्हणे. दोन उन्हाळ्यांत एकही आलं नव्हतं. खिडकीशी मात्र एक म्हातारं जोडपं कॅमेरा रोखून बसलं होतं.

“आर्लीन, तास झाला. हललं नाही ते.”

“गुणी आहे. तुझ्यासारखी चुळबुळ नाही.”

“डावा पाय सुजलाय का गं त्याचा?”

“निसर्गाला नावं ठेवू नकोस, डेल्बर्ट. यंदा फोटोंच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस आपलंच.”

“आणि डोळे? एक तळ्याकडे, एक माझ्याकडे. थेट तुझी आई!”

“गप्प बस! अरे देवा, हे दुसरं कुठून आलं?”

मार्लिसने श्वास रोखला. चिखलाने माखलेलं, खरंखुरं कासव ओंडक्यावर चढत होतं.

“नेमकं मध्ये येतंय मेलं! टाळ्या वाजव, डेल्बर्ट! हाड! हाड!”

डुबुक.

“गेलं एकदाचं. आपलं बघ, जराही घाबरलं नाही.”

“अस्सल आहे गं, अस्सल!”