माझ्या कुबड्या परत द्या

अपोलोत : अगं ताई, सभेत अख्खं सोरोटी शहर बघत होतं! चार पावलं तरी टाकायचीस.

असेकेन्ये : कशानं टाकू? जिभेनं?

अपोलोत : संदेष्ट्यांनी डोक्यावर हात ठेवला, कुबड्या काढून घेतल्या, 'ऊठ, चाल' म्हणाले. आणि तू स्टेजवर फतकल मारून बसलीस. वर माइकमध्ये म्हणतेस, 'माझ्या कुबड्या परत द्या!' मग ढुंगणावर घसरत पायऱ्या उतरलीस. लाजेनं मेले मी.

असेकेन्ये : तू रडलीस म्हणून आले. वाटलं, गाणी म्हणू आणि घरी जाऊ. स्टेजवर चढवतील हे कुठं सांगितलं होतंस?

अपोलोत : आता या चिंचेखाली किती वेळ बसायचं?

असेकेन्ये : कुबड्या मिळेपर्यंत. कुठायत त्या?

अपोलोत : पडद्यावर टांगल्यात. बऱ्या झालेल्यांच्या टांगतात तिथं.

असेकेन्ये : म्हणजे माझ्या कुबड्या खोटी साक्ष देतायत. जा, उतरवून आण.

अपोलोत : मी नाही जाणार. विश्वासच नाही तुझा!

असेकेन्ये : माझा? गुरं लुटणारे आले तेव्हा सगळं गाव पळालं. आई तुला पाठीवर घेऊन पळाली, मी ज्वारीत पडून राहिले. तेव्हा मला पाय फुटले नाहीत. स्वर्गातून कुणी उतरलं नाही. तरी देव होता तिथं.

अपोलोत : कशावरून?

असेकेन्ये : कशावरून नाही. होता. 'देव असशील तर दाखव' असं मी तेव्हा म्हटलं नाही, तर आज म्हणू? प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन 'मार उडी' म्हणणारा सैतानच होता, आठवतंय ना?

अपोलोत : तुझं सोपं आहे गं. मला एकदा बघायचं होतं. तू उठली असतीस तर कळलं असतं, तो ऐकतो. मग माझ्या अकितेंगच्या वेळी...

असेकेन्ये : बोल. थांबू नकोस.

अपोलोत : तापानं फणफणली होती पोर. मी रात्रंदिवस गुडघ्यांवर होते. दवाखान्यातही नेलं. गेलीच. याच लोकांनी दारात येऊन सांगितलं, आईचा विश्वास कमी पडला.

(सभेचा स्वयंसेवक एचोदू घाईघाईनं येतो.)

एचोदू : मावशी, संदेष्टे पुन्हा बोलावतायत. आम्ही दोघं दोन्हीकडून धरतो, तुम्ही नुसते पाय हलवा. कॅमेरा चालू आहे.

असेकेन्ये : धरूनच चालायचं तर माझ्या कुबड्या काय वाईट होत्या?

एचोदू : असं बोलू नये. लोक काय म्हणतील? तुमचा विश्वास कमी पडला म्हणतील.

असेकेन्ये : अपोलोत, ऐकलंस? तुझ्या दारात बोलले तेच. म्हणून बसले मी तिथं. मी खोटंखोटं चालले असते, तर तुझ्या लेकीबद्दलचं यांचं बोलणं खरं ठरलं असतं. त्यानं मला उठवलं तर त्याची मर्जी. नाही उठवलं, तरी तो माझा देव. आणि तू चांगली आई होतीस.

एचोदू : मावशी, लोक ताटकळलेत. चला ना.

अपोलोत : ए, काय नाव तुझं?

एचोदू : एचोदू.

अपोलोत : एचोदू, जा आणि माझ्या बहिणीच्या कुबड्या घेऊन ये. नाहीतर मी येते स्टेजवर. आणि मला चांगलं चालता येतं.

एचोदू : अहो ताई, टांगलेलं उतरवत नाहीत...

अपोलोत : माइकसुद्धा धरता येतो मला. अकितेंगचं नाव घेऊन सगळं सांगेन. जातोस?

एचोदू : जातो, जातो.

असेकेन्ये : बाई गं! मघाशी लाजेनं मेली होतीस ना?

अपोलोत : गप बस. तो बघ, आलासुद्धा.

एचोदू : घ्या. पण मागच्या वाटेनं जा, लोकांना दिसू नका.

असेकेन्ये : पोरा, आम्ही लोकांमधूनच जाणार. अपोलोत, हात दे. हां, उभी राहिले.

अपोलोत : ताई, माझा देवावरचा राग गेला नाहीये हं.

असेकेन्ये : असू दे. त्याला तसंच सांग. आणि जरा हळू चाल गं, मी येतेय.