मंगळवारचे चष्मे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, वेळात वेळ काढून आलेले व्यापारी बंधुभगिनी, आणि पहिल्या दोन रांगा पटकावून बसलेली, मागच्या गल्लीतल्या वृद्धाश्रमातली आमची मंडळी,

आज आमच्या चष्म्याच्या दुकानातले कारागीर काका निवृत्त होत आहेत. वडिलांच्या काळापासून ते दुकानात आहेत. मी गल्ल्यावर बसले तेव्हा त्यांनी मला आधी काच पुसायला शिकवलं, मग बोलायला. दुसरं अजून चालू आहे.

सहा वर्षांपूर्वी समोर ते चष्म्यांचं झगमगीत दुकान उघडलं, आठवतंय ना? आमच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. दुकान विकावं, या विचारापर्यंत मी आले होते. तेव्हा कुणीतरी सुचवलं, दानधर्म करा, नाव होतं. मी लगेच दारावर भलामोठा फलक लावला, ‘गरजू वृद्धांना दर मंगळवारी चष्मा मोफत दुरुस्त’. वर फुगेसुद्धा बांधले. चार मंगळवार गेले. किती जण आले असतील? एकही नाही. गरजू म्हणवून घ्यायला भर रस्त्यात कोण येणार? एवढं साधं मला कळलं नाही.

काकांनी गुपचूप फलक काढला आणि वृद्धाश्रम गाठला. तिथे त्यांनी सांगितलं, चष्मे आम्ही नीट करून देतो, पण ते घालून त्यातल्या चुका काढणारी माणसं आम्हाला हवी आहेत. पगार मिळणार नाही.

पुढच्या मंगळवारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. चुका काढायच्या म्हटल्यावर काय विचारता! या समोर बसलेल्या मुख्याध्यापिकाबाई तर वही घेऊन आल्या. डाव्या कानामागे टोचतो, सुधारणा आवश्यक, खाली सही. एक आजोबा कुशीवर पडून वाचायचे, त्यांच्या चष्म्याची काडी दर आठवड्याला वाकायची. काका काडी गरम करत, वळवत, पुन्हा घालून बघायला लावत. दोन वर्षं हेच चाललं. त्यातून त्यांच्या हाताला जे कळलं, ते समोरच्या दुकानातल्या मशीनला कधी कळलं नाही.

मग मुलं-सुना भेटायला आल्या की विचारू लागल्या, हा चष्मा इतका अलगद बसतो, केला कुठे? आमचं गिऱ्हाईक परत आलं, सोबत नवंही आलं. आणि मी? मी याच सभागृहात ‘दान आणि धंदा’ या विषयावर भाषण ठोकलं. टाळ्याही घेतल्या. काकांचं नाव घ्यायचं तेवढं राहिलं. आज सगळ्यांसमोर त्यांची माफी मागते.

आणखी एक कबुली देते. दुकान आता छान चाललंय, तेव्हा काकांबरोबर मंगळवारही बंद करावा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. काल त्यांना विचारलं, काका, भेट काय देऊ? घड्याळ आवडेल की सूटकेस?

ते टेबल आवरत होते. मान वर न करता म्हणाले, “ताई, बाकीचे सहा दिवस तुम्ही घ्या. मंगळवार तेवढा माझ्याकडे राहू द्या.”

मला माझीच लाज वाटली. खरंच वाटली.

अध्यक्ष महोदयांचे, पाहुण्यांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहिला असेल, तर आपलीच लेक समजून पोटात घाला. आणि हा निरोप सहा दिवसांचाच आहे, हे कृपया ध्यानात घ्यावं. मंगळवारी सकाळी दहाला काका टेबलावर असतील.