मुखवट्यांच्या पेटीतलं कार्ड

नाही हो, रडत कुठं आहे मी — मास्कनं डोळ्यांत वाफ जाते. बसा ना, मी सरकते. फोनवर मराठीत बोललात म्हणून हाक मारली. तुमचं कोण आहे आत? मुलगा? बारा वर्षांचा? अगं बाई. माझी नात आहे, शिखा. पंधराची. सकाळी ओठ बघितले तर जांभळं खाल्ल्यासारखे, आणि वाक्य पुरं होईना पोरीचं — 'आजी' म्हणायची आणि थांबायची. लहानपणापासून छातीची कच्ची ती, दप्तरात दम्याचा पंप घेऊन शाळेत जाणारी. आणि तरी बडबडी! आमच्या घरात रेडिओ लागतच नाही, ती असते ना.

सुई? कोरोनाची? लागली की. म्हणजे — लागलीच म्हणा. संक्रांतीच्या आधी शाळेत कॅम्प झाला, मोठ्या पोरांना सगळ्यांना देत होते. चिंतामणीनं, माझ्या मुलानं, मघाशी डॉक्टरांना तेच सांगितलं, त्यांनी पर्च्यावर लिहून घेतलं. मग म्हणाले, 'टीका लगा है तो चार बजे तक यहीं देखते हैं. नहीं लगा होता तो ऐसी छाती लेकर अभी इंदौर भेज देता.' इंदूरची गाडी ती काय, दारातच उभी आहे. ड्रायव्हर भैया चहा पितोय. — किती वाजले हो? मला घड्याळ समजत नाही, काटे नुसते दिसतात, तुम्ही सांगा. तीन वीस? अजून तीन वीसच ना?

चिंतामणी घरी गेलाय, शिखाचं आधार कार्ड शोधायला. खिडकीवरचा म्हणाला कार्ड आणा. नाही सापडायचं त्याला. कसं सापडेल — असं बघू नका माझ्याकडे. तुम्ही परक्या, म्हणून बोलतेय. घरच्यांपुढं जीभच उचलत नाही.

आमचे हे गेले ना, दुसरी सुई घेतली आणि नवव्या दिवशी गेले. धारला, माझ्या माहेरी, भाच्याच्या मुलाचं बारसं होतं, जेवायच्या पंगतीत बसल्या बसल्या कलले. हातात पुरणपोळीचा घास तसाच. डॉक्टर म्हणाले, अम्मा, सुईचं काही नाही, हृदय दहा वर्षांपासून खराब होतं. होतंच. गोळ्या बंद केल्या होत्या त्यांनी, मला माहीत होतं, गोळी मागच्या मोरीत टाकायचे, मी बघायची आणि गप्प बसायची — जाऊ द्या. ते मी कुणाला सांगितलं नाही. पण नऊ दिवस मी बोटांवर मोजले होते, ते काही डोक्यातून जाईनात. आणि मग ही पोरगी एक दिवस नाचत आली, 'आजी, सोमवारी आमचा नंबर, आधार कार्ड घेऊन बोलावलंय!'

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांची पेटी आहे. पत्र्याची, माझ्या सासूच्या सासूची. भाद्रपदात उघडायची, तीन दिवस पूजा झाली की मुखवटे कपड्यात गुंडाळून बंद करायची, ती वर्षानंच. मधे कुणी हात लावत नाही, सूनबाईसुद्धा नाही. किल्ली माझ्या कमरेला. रविवारी सगळे दुकानात गेले तेव्हा मी पेटी उघडली. ऐन पौषात! वाचता येत नाही मला, फोटोवरून शिखाचं कार्ड ओळखलं, दप्तरातून काढलं आणि धाकट्या महालक्ष्मीच्या मुखवट्याखाली ठेवलं. म्हटलं, आई, तूच सांभाळ हिला.

सोमवारी रांगेतून परत पाठवलं तिला. रडत आली. 'आजी, कार्ड हरवलं माझ्याकडून, बाबा मारतील.' आणि मी काय म्हणाले ठाऊक आहे? म्हटलं, मग सांगूच नको. सुई लागली म्हण. दंडावर कापूस लावून दिला मी. मी! या हातानं. सुईचा मेसेज फोनवर का आला नाही म्हणून बापानं विचारलं, तर नेट खराब असेल म्हणाली. माझ्याकडून शिकली. तीन आठवडे ती पोरगी दप्तर उलटं करकरून बघत होती, चोरून, आणि मी समोर बसून शेंगा सोलत होते.

आणि मघाशी — डॉक्टरांनी तिला विचारलं हो, 'बेटा, टीका लगा था?' तोंडावर तो मास्क, श्वास पोटातून ओढतेय, बापाकडे बघितलं आणि मान हलवली. हो म्हणून. तिला अजून वाटतंय चूक तिची आहे. त्या श्वासातसुद्धा बापाला भितेय ती. मी दारात उभी होते. तोंड उघडलं होतं, देवाशपथ उघडलं होतं, पण तेवढ्यात दार लावलं त्यांनी.

हे बघा. सकाळी निघताना पेटीतून काढलं, तेव्हापासून कनवटीला आहे. घामानं ओलं झालंय. तुम्ही शिकलेल्या दिसता — तुम्ही नेऊन द्या ना आत? म्हणा बाकाखाली सापडलं. आणि डॉक्टरांच्या कानात एवढंच सांगा, पोरीला सुई लागलेली नाही. माझं नाव नका घेऊ. चिंतामणी तोंड बघणार नाही माझं, या वयात मी कुठं जाऊ? — घ्या ना. घ्या हो, पाया पडते. — नाही घेत?

किती वाजले? तीन पस्तीस. बोलत काय बसले मी.

तो बघा, आला. रिकाम्या हातानं. डोक्याला कापूस लागलाय, गाद्यासुद्धा उसवल्या वाटतं यानं. आता आत जाऊन तिलाच विचारेल, कुठं हरवलंस म्हणून — चिंतामणी! आत जाऊ नको! आधी इकडे ये. तिला काही विचारू नको, बाळा, मला विचार.

बाई, तुम्ही उठा. तिकडच्या बाकावर जा. उठा म्हणते ना.