चार मारा, पाचवं बघा

टॅलमाज काउंटी शेरीफ कचेरी, पोप्लर गॅप, केंटकी. दिनांक २४ ऑक्टोबर २०१४, दुपारी २ वाजून १० मिनिटं.

माझं नाव डेल्मर होबर्ट स्टिडम, वय ६४ वर्षं, धंदा रॉइस टिप्टन यांच्या बंदुकीच्या दुकानात काउंटरवर नोकरी, त्याआधी कोळशाच्या खाणीत यंत्रदुरुस्ती, राहणार सॅसाफ्रास रोड, चर्चच्या पुढचं तिसरं घर. कचेरीतून बोलावणं आल्यावरून मी आज स्वतः हजर झालो असून डेप्युटी बर्चेट यांच्या विचारण्यावरून पुढीलप्रमाणे सांगतो.

सदर दुकानात मी बावीस वर्षं आहे. रायफली रॉइस बघतो, रिव्हॉल्व्हरची काडतुसं मी बघतो. कोणाला काय द्यायचं ते मी गिऱ्हाइकाचा हात बघून ठरवतो. डब्यावरचं चित्र बघून काडतूस घेणारा माणूस म्हणजे लग्नपत्रिका बघून बायको करणारा. डेप्युटी म्हणतात मुद्द्यावर या. मी मुद्द्यावरच आहे.

गुरुवार दिनांक ९ रोजी दुपारी साडेतीनच्या सुमारास आर्डिथ नेपियर, वय ६२, ही दुकानात आली. तिला मी ओळखतो. ती शाळेच्या स्वयंपाकघरात बत्तीस वर्षं होती. या काउंटीतले निम्मे लोक तिच्या हातचे बीन्स आणि मक्याचा पाव खाऊन वाढले, डेप्युटी बर्चेट त्यांतलेच. आमचं नातं काही नाही. होता होता राहिलं, त्याला चाळीस वर्षं झाली. हे लिहू नका असं मी म्हटलं, पण ते लिहिलं गेलं आहे.

तिच्याजवळ आखूड नळीचं, पाच काडतुसांचं नवं रिव्हॉल्व्हर होतं. ते तिने त्याच आठवड्यात सोमवारी रॉइसकडून घेतलं होतं. वजन बारा औंस, म्हणजे लोण्याच्या तीन कांड्यांएवढं. ॲप्रनच्या खिशात राहावं म्हणून तिने सगळ्यांत हलकं मागितलं होतं. हलकं रिव्हॉल्व्हर खिशाला बरं आणि हाताला वाईट. सोमवारी माझी सुट्टी होती, नाहीतर मी तिला जरा जड घ्यायला लावलं असतं.

ती म्हणाली, "डेल्मर, यात काय भरू?"

मी विचारलं, "कशासाठी?"

ती म्हणाली, "लॉनीसाठी."

लॉनी कूच हा तिचा जावई. तिची मुलगी ट्रेसा १ ऑक्टोबरला हात गळ्यात बांधून आईकडे राहायला आली. लॉनीने त्या घराच्या पाचशे फुटांच्या आत यायचं नाही, असा कोर्टाचा हुकूम आहे. तो हुकूम आर्डिथने फ्रिजवर चिकटवला आहे. लॉनीला वाचता येतं की नाही, मला माहीत नाही.

इतक्या हलक्या रिव्हॉल्व्हरला मी बसकी गोळी देतो. बसकी म्हणजे सपाट तोंडाची, पुंगळीत पार आत बसलेली, सरावाची गोळी. धक्का कमी, त्यामुळे हात जागेवर राहतो आणि दुसरी गोळीही हवी तिथे जाते. दुसरी जात जहाल. त्यात दारू जास्त असते आणि गोळीच्या टोकाला खळगा असतो, अंगात शिरल्यावर फुलावी म्हणून. पण दोन इंचांच्या नळीतून ती निघणार, तिला फुलण्याएवढा वेगच मिळत नाही. फुलली तर फुलली. डब्यावर मात्र पंजा उगारलेलं अस्वल असतं आणि लोक अस्वल विकत घेतात.

मी तिच्यापुढे बसक्या गोळ्यांचा डबा ठेवला. तेवढ्यात रॉइस पलीकडून ओरडला, "काका, आर्डिथ मावशींना काय कागदाला भोकं पाडायचीत? दोनशे साठ पौंडांचा रेडा आहे तो!"

मी म्हटलं, "रॉइस, तू तुझ्या रायफली पूस."

आर्डिथने मला विचारलं, "तू काय भरलं असतंस?"

"बसकी."

"आणि लॉनी तुझ्या पायऱ्या चढत असता तर?"

मी लगेच बोललो नाही. बोलायला हवं होतं. बसकी म्हटलं असतं तर तिने ऐकलं असतं, कारण काडतुसाच्या बाबतीत ती माझं ऐकते. पण त्या रेड्याच्या पुढे उभी असलेली ती माझ्या डोळ्यांपुढे आली आणि क्षणभर मलाच अस्वल बरं वाटलं. तेवढ्यात रॉइसने अस्वलाचा डबा काउंटरवर आणून आपटला. ती म्हणाली, "हाच दे. एका दणक्यात आडवा झाला पाहिजे. दुसरी संधी द्यायचा नाही तो मला."

आता दुकानाचा नियम सांगतो, कारण सगळं त्यावर आहे. नियम माझा आहे. दुकानामागे मातीचा बांध आहे. हलकं रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याला मी तिथे नेतो आणि म्हणतो, चार मारा, पाचवं बघा. पाच काडतुसं भरायची, चार उडवायची, पाचवं न उडवता बाहेर काढून नव्या काडतुसाशेजारी उभं करायचं. केचपची बाटली मागे झटकली की केचप तोंडाशी येतो ना, तसंच हे. रिव्हॉल्व्हर हलकं आणि काडतूस जहाल असेल तर प्रत्येक बाराला ते जोरात मागे जातं, आणि न उडालेल्या काडतुसांतल्या गोळ्या पुंगळीतून थोड्या थोड्या पुढे सरकतात. एखादी फार सरकली तर तिचं नाक काडतुसं बसतात त्या चक्राच्या बाहेर येऊन अडतं. चक्र फिरत नाही आणि चाप ओढला जात नाही. मग हातात रिव्हॉल्व्हर असलं काय आणि लाटणं असलं काय. म्हणून पाचवं बघायचं. ते सरकलेलं दिसलं तर ती काडतुसं त्या रिव्हॉल्व्हरला चालत नाहीत, संपलं. हा नियम मी पाद्र्यालाही माफ केलेला नाही.

चारच्या सुमारास मी आर्डिथला बांधावर नेलं. तिने दोन बार काढले. पहिल्यालाच अंगठ्याजवळची कातडी फाटली. दुसऱ्यानंतर तिने रिव्हॉल्व्हर फळीवर ठेवलं आणि हात काखेत दाबून उभी राहिली. तिची बोटं संधिवाताने आधीच वाकडी आहेत. ती हसून म्हणाली, "पुरे रे, डेल्मर. मोठी पातेली उचलून एवढे हाल झाले नव्हते."

मी म्हटलं, "पुरे."

प्रश्न: नियम तुमचा, मग तुम्हीच का मोडला?

उत्तर: मला बघवलं नाही.

मी तिच्या हाताला पट्टी बांधली. आत येऊन जहाल काडतुसांचा डबा तिला बांधून दिला. ती पावणेपाचला गेली.

शनिवार दिनांक १८ रोजी सकाळी सव्वादहाच्या सुमारास काय घडलं, ते मी पाहिलेलं नाही. आर्डिथने सांगितलं ते असं. ती पुढच्या ओसरीत सफरचंदं सोलत बसली होती. लॉनीची गाडी आली. तिने त्याला तिथूनच परत फिरायला सांगितलं. तो म्हणाला, "म्हातारे, बाजूला हो, माझी बायको न्यायला आलोय." तो पायऱ्या चढू लागला तशी तिने रिव्हॉल्व्हर काढलं. पहिली गोळी छपराला लागली, दुसरी कशालाच लागली नाही, तिसरी त्याच्या मांडीत गेली आणि तो अंगणात पडला. ट्रेसा घरातून धावत आली आणि त्याच्यावर आडवी झाली.

सोमवारी दिनांक २० रोजी डेप्युटी बर्चेट सदर रिव्हॉल्व्हर घेऊन दुकानात आले, कारण त्याचं चक्र त्यांना उघडता येत नव्हतं. मी लाकडी काडीने हलकेच ठोकून ते उघडलं. आत तीन रिकाम्या पुंगळ्या आणि दोन न उडालेली काडतुसं होती. त्यांतल्या चौथ्याची गोळी नखभर पुढे आली होती आणि तिने चक्र धरून ठेवलं होतं. मी बघताक्षणी ओळखलं. डेप्युटींनी विचारलं, "हे असं होतं हे तुम्हाला ठाऊक होतं?" मी म्हटलं, "माझ्याइतकं या काउंटीत कोणालाच नाही."

मी कसून चार बार काढायला लावले असते तर हे गुरुवारीच दिसलं असतं. मग मी अस्वलाचा डबा परत फडताळावर टाकला असता आणि तिला बसकी दिली असती. बसकी असती तर चक्र फिरलं असतं आणि शनिवारी चौथा बार झाला असता. अंगणात तेव्हा लॉनीच्या वर ट्रेसा होती. या विचाराने मी चार रात्री झोपलेलो नाही. चुकीबद्दल वाईट वाटून घ्यावं की चर्चमध्ये मेणबत्ती लावावी, हेच कळत नाही.

प्रश्न: ट्रेसा कूच हिचं म्हणणं आहे की ती नवऱ्यावर पडलेली असताना आईने चौथ्यांदा चाप ओढला. याबद्दल रिव्हॉल्व्हरवरून काय सांगता येतं?

उत्तर: काही नाही. चक्र अडकलं की चाप पूर्ण येत नाही आणि काडतुसाच्या बुडावर खूण उमटत नाही. चौथ्यांदा कोणी ओढला असला काय आणि नसला काय, ते काडतूस तसंच दिसणार.

गावात सगळे म्हणतात, ट्रेसा खोटं बोलते, नवऱ्याला वाचवायला पोटच्या आईला अडकवते. रॉइस म्हणतो. चर्चमध्ये म्हणतात. मीही म्हणालो, मोठ्याने म्हणालो.

प्रश्न: त्यानंतर आर्डिथ नेपियर तुम्हाला भेटली का?

उत्तर: मंगळवारी दिनांक २१ रोजी सकाळी अकराला ती दुकानात आली. रॉइस बाहेर होता. ती काउंटरसमोरच्या स्टुलावर बसली. हाताची पट्टी तीच होती, मळलेली.

प्रश्न: काय बोलणं झालं?

या प्रश्नावर मी पाणी मागितलं. डेप्युटींनी दिलं. मी आज येताना ठरवून आलो होतो की रिव्हॉल्व्हरचं सांगायचं आणि उठायचं. परंतु मी शपथेवर आहे आणि तिने मला बजावलं आहे, म्हणून सांगतो.

मीच तिला म्हणालो, "बर्चेट मला बोलावणार. मी सांगेन की यंत्र अडकलं होतं, पुढचं देवालाही सांगता येणार नाही. तू फक्त गप्प बस."

ती म्हणाली, "ओढला मी."

"गप्प बस म्हटलं ना!"

"ओढला, डेल्मर. तिचं निळं स्वेटर दिसत होतं मला. माझी पोर आहे हे कळत होतं. पण बोट थांबेना. चाप येईना म्हणून दोन्ही हातांनी ओढला."

मी उठून दुकानाचं दार लावून घेतलं. मग मी तिच्यावर ओरडलो, हे कबूल करतो. मी म्हणालो, "अगं बाई, माझ्या चुकीने पोर वाचली, तूही वाचशील. झाकली मूठ आहे, झाकलेली राहू दे की! बासष्टाव्या वर्षी तुरुंगात जायचंय?"

"तुला विचारतील तेव्हा खरं सांग."

"आणि कोणासाठी? ती तिकडे दवाखान्यात त्याच रेड्याच्या उशाशी बसलीय!"

ती हातावरची पट्टी नीट करत बसली. मला वाटलं, माझं पटलं. नंतर ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत सांगतो. ती म्हणाली, "नऊ वर्षं माझी पोर खोटं बोलत होती. जिन्यावरून पडले, फडताळाचं दार लागलं, गाडीच्या दारात बोटं सापडली. आणि आपण सगळ्यांनी माना डोलावल्या. मी पण डोलावली. आता पहिल्यांदा ती खरं बोललीय, तर सगळा गाव तिला खोटी म्हणतोय. मी नाही म्हणणार, डेल्मर."

ती उठली आणि दार उघडून गेली.

तेव्हा डेप्युटींच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. आर्डिथ नेपियर हिने चौथ्यांदा चाप ओढला, असं तिने स्वतः मला सांगितलं. ट्रेसा कूच खरं बोलते आहे.

हा जबाब डेप्युटी बर्चेट यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला आणि मी ऐकला. सही करण्याआधी यातलं काही खोडायचं आहे का, असं त्यांनी मला विचारलं. थोडा वेळ थांबून त्यांनी तेच पुन्हा विचारलं. काही खोडायचं नाही. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे.

सही: डेल्मर एच. स्टिडम
समक्ष: डेप्युटी बर्चेट