तिसऱ्या ओळीतला खड्डा

(मुरुड. नीराबाईंच्या लॉजचा ओटा. टेबलावर लॅपटॉप, कागद आणि एका शिलालेखाचा फोटो.)

प्राची : नाही सर, कार्यशाळेच्या उद्घाटनाचं भाषण दीड तास नाही. पंधरा मिनिटं.

हरेश्वर सर : पंधरा मिनिटांत माझा घसाही साफ होत नाही.

प्राची : तो आदल्या दिवशी साफ करून या. बारा विद्वान येणार, कुणी प्राकृतवाले, कुणी अवेस्तावाले, आणि हातात दोनच दिवस.

हरेश्वर सर : त्यातल्या निम्म्यांना मेलला फोटो जोडता येत नाही. त्यांना तू शिलालेख संगणकात उतरवायच्या खुणा शिकवणार?

प्राची : पहिल्या दिवशी लॅपटॉप बंदच. कागद आणि रंगीत पेन्सिली. स्वच्छ दिसणारं अक्षर तसंच सोडायचं. शंका असेल तिथे पिवळी खूण. दगड फुटलाय म्हणून आपण मनाने भरलं असेल तिथे लाल, आणि बाजूला भरणाऱ्याचं नाव. दुसऱ्या दिवशी त्याच खुणा संगणकात घालायच्या.

हरेश्वर सर : नाव कशाला?

प्राची : दगड काय बोलला आणि आपण काय बोललो, हे पुढच्याला कळावं म्हणून.

हरेश्वर सर : बरं. सरावाला कुठला लेख घेतलास? दाखव. अगं, हा तर माझा.

प्राची : हो. तुमच्या पुस्तकात तिसरी ओळ सलग आहे.

हरेश्वर सर : आहेच.

प्राची : फोटोत मध्येच चार अक्षरांएवढा खड्डा आहे.

हरेश्वर सर : मी वाचलं तेव्हा ऊन तिरकं होतं.

प्राची : तिरक्या उन्हात खड्डा जास्तच दिसतो, सर.

हरेश्वर सर : माझ्याच हाताखाली शिकलीस ना तू?

प्राची : म्हणून तर हा लेख घेतला.

हरेश्वर सर : दुसरा घे. नाहीतर अध्यक्ष दुसरा शोध.

प्राची : तुम्ही नसाल तर बारांतला एकही येणार नाही. आणि आले, तरी लाल पेन्सिल आधी कोण उचलणार? तुम्ही उचललीत तर बाकीचे उचलतील. नाहीतर दोन दिवस सगळे हाताची घडी घालून बसतील, आणि माझी ही पहिली कार्यशाळाच शेवटची ठरेल. खरं सांगू, भीती वाटतेय मला.

नीराबाई : भांडान जेवल्यावर करा. मास्तर, सुरमई तळू का? आजची न्हाय हं, कालची बर्फातली हाय.

हरेश्वर सर : नीराबाई, न सांगता वाढली असतीत तरी मला कळलं नसतं.

नीराबाई : तुमाला न्हाय कळणार. पन बाजूला एखादा कोळी जेवायला बसला, तर त्याला पहिल्या घासाला कळंल. मंग माझी आजची तरी कोन खरी मानंल?

हरेश्वर सर : प्राची, हिला तू पढवून ठेवलंयस.

प्राची : देवाशपथ नाही. सुचलं नाही, याचंच वाईट वाटतंय.

हरेश्वर सर : तळा, नीराबाई. आणि प्राची, त्या चार अक्षरांवर तीस वर्षं मुलांनी परीक्षा दिल्यात, ठाऊक आहे ना?

प्राची : मीही दिली. पहिली आले होते.

हरेश्वर सर : आण ती लाल पेन्सिल.

प्राची : चार अक्षरं, आणि बाजूला तुमचं नाव.

हरेश्वर सर : चारच कुठे? पाचव्या ओळीतली सहा तुला अजून सापडलेली नाहीत.