आण्णांना गेलेली लावणी

अगं, त्या ऑनलाईन नाचाच्या स्पर्धेत कथकपासून कोळीनृत्यापर्यंत सगळं चालत होतं, म्हणून म्या लावणी केली. घरात फक्त नणंदेला, अनिताला ठाऊक. व्हिडिओ तीच स्पर्धेला पाठवणार होती. म्या घाईत तिच्याऐवजी सासऱ्यांना, आण्णांना पाठवला. तो पुसून टाकायला गेले, तर त्यांनी बघितलापण होता. आमच्या कामथडीच्या घरात कुठल्या सुनेनं कधी लेझीमसुद्धा धरलं न्हाई.

आण्णा स्वयंपाकघराच्या दारात आले. म्हणाले, "सूनबाई, ह्यात पाय दिसत न्हाईत."

म्या कसंबसं "व्हय" म्हटलं.

"लावणीत पाय दिसाय पायजेत. चला अंगणात, मोबाईल म्या धरतो."

जीव असा भांड्यात पडला, की नाचताना हसूच आवरेना. आण्णांनी परत पहिल्यापासून नाचायला लावलं.